शेवट जवळ आलाय म्हणून एफडी मोडायची का?

वाचकाचं पत्र

‘सलाम. नगर जिल्ह्यातून लिहिते आहे, नाव छापू नका. माझे मिस्टर साखर कारखान्यात फिटर आहेत. गेल्या पावसाळ्यात सासूबाई प्रभूमध्ये झोपी गेल्या. त्यानंतर मिस्टर एका प्रार्थना गटात जाऊ लागले. तिथले बंधू सांगतात की प्रभू येशूचं परत येणं आता काही महिन्यांवर आलं आहे, पहिले ख्रिस्ती लोकही सगळं विकून वाट बघत बसले होते, आणि जे जिवंतपणी वर उचलले जातील तेच खरे भाग्यवान. मोबाइलवरही तसेच संदेश आणि व्हिडिओ येतात. मिस्टरांनी राजीनामा लिहून कपाटात ठेवला आहे. मुलीच्या नर्सिंगसाठी आमच्या दोघांच्या नावावर ठेवलेली एफडी मोडून गटाच्या कामाला द्यायची म्हणतात. मी काही बोलले की म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतो. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी खरंच असं केलं होतं का? आणि येणं तर तेव्हा झालं नाही, मग त्या येण्याची आशा देणारा प्रेषित पौल चुकला का? हा प्रश्न मनात आला की मला भीती वाटते. मिस्टरांशी कसं बोलू?’

ताई, सलाम.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी बराच वेळ थांबलो. सासूबाई गेल्या आणि त्यानंतर मिस्टर गटात जाऊ लागले. तुम्ही ती ओघात लिहिली आहे, पण मला वाटतं गाठ तिथेच आहे. कारण अंतसमयाबद्दल ख्रिस्ती मंडळीत उठलेला आपल्या माहितीतला सगळ्यात जुना प्रश्न असाच, घरातलं माणूस गेल्यावर उठला होता.

तो उठला थेस्सलनीकेत. हे रोमन साम्राज्यातल्या मासेदोनिया प्रांताचं मुख्य शहर. मोठं बंदर, आणि रोमकडून पूर्वेकडे जाणारा एग्नातिया नावाचा राजरस्ता तिथूनच जायचा. पौल आणि सीला फिलिप्पैमध्ये मार खाऊन तिथे आले, तीमथ्यही त्यांच्या सोबतीचा. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत सभास्थानातल्या तीन शब्बाथांचा, म्हणजे तीन शनिवारांचा, उल्लेख आहे. त्याहून थोडे जास्त दिवस ते राहिले असतील, पण फार नाही. मग यासोनाच्या घरावर जमाव चालून आला आणि पौलाला रातोरात बिरुयाला काढून द्यावं लागलं. मागे राहिली ती अगदी नवखी मंडळी. शिकवण अर्धी झालेली, शिकवणारा निघून गेलेला, आणि शेजारीपाजारी संशयानं बघणारे.

अशात त्यांच्यातली काही माणसं वारली. कशानं, ते पौलानं पुढे त्यांना लिहिलेल्या पत्रात नाही. पण मागे राहिलेल्यांच्या मनात काय आलं ते पौलाच्या उत्तरावरून कळतं: प्रभू येणार आणि आपल्याला घेऊन जाणार असं सांगितलं होतं, आता आमची आई, आमचा भाऊ तर गेला, मग त्यांना ते मिळणारच नाही का? तीमथ्य हे ऐकून आला आणि पौलानं करिंथहून पत्र लिहिलं. करिंथला तेव्हा गल्लियो नावाचा रोमन अधिकारी होता. त्याचं नाव असलेला शिलालेख डेल्फीला सापडला आहे, त्यावरून तो साधारण इ.स. ५१-५२ मध्ये तिथे होता हे ठरवता येतं. म्हणजे हे पत्र ५०-५१ च्या सुमाराचं, प्रभूच्या वधस्तंभाला जेमतेम वीस वर्षं झालेली असतानाचं. आपल्या हाती असलेल्या ख्रिस्ती लिखाणातलं हे बहुधा सगळ्यात जुनं, आणि त्यात अंतसमय कशासाठी आला आहे? तर मेलेल्या माणसांच्या नातेवाइकांना धीर देण्यासाठी.

थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय, १३ ते १८ ही वचनं उघडा. पौल काय म्हणतो ते नीट बघा. शोक करू नका असं तो म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, एवढंच म्हणतो. आणि मग तो सांगतो की प्रभू येईल तेव्हा जे जिवंत उरले असतील ते मेलेल्यांच्या पुढे जाणार नाहीत. ख्रिस्तामध्ये जे मेले ते आधी उठतील. ढगांत उचललं जाण्याबद्दल जे काही तो सांगतो ते त्यानंतर येतं, आणि ‘त्यांच्याबरोबर’ येतं. शेवटी म्हणतो, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा.

म्हणजे ‘जिवंतपणी उचलले जातील तेच भाग्यवान’ ही गटातली शिकवण शास्त्राच्या नेमकी उलट आहे. ज्या समजुतीनं थेस्सलनीकाकर रडत होते, तीच समजूत तुमच्या मिस्टरांना आज कोणीतरी शुभवार्ता म्हणून देतं आहे. याचा मला मनापासून राग येतो. वर्षही झालं नाही ज्याची आई जाऊन, त्या माणसासमोर हे बोलताना त्याच्या पोटात काय कालवत असेल याचा विचार या बंधूंनी करायला हवा होता. मिस्टर तुम्हाला बोलून दाखवत नसतील, पण ‘मग आईचं काय?’ हा प्रश्न त्यांना झोपू देत नसेल असं मला वाटतं.

म्हणून बोलायला बसाल तेव्हा तारखेपासून सुरुवात करू नका. एफडीपासून तर मुळीच नको. सासूबाईंपासून करा. ही सहा वचनं दोघं मिळून वाचा, आणि पहिल्या दिवशी तेवढंच पुरे.

आता तुमचा पहिला प्रश्न, त्या लोकांनी खरंच सगळं विकलं होतं का. येरुशलेमच्या मंडळीनं जमिनी आणि घरं विकली हे खरं आहे, पण कशासाठी ते लूकनं प्रेषितांच्या कृत्यांत स्वच्छ लिहून ठेवलं आहे: त्यांच्यात कोणी गरजवंत राहू नये म्हणून, ज्याला जशी गरज तसं वाटून देण्यासाठी. शेवट जवळ आला म्हणून मालमत्ता निरुपयोगी झाली, असं तिथे कुठेही नाही. सक्तीही नव्हती. जमीन विकून काही पैसे गुपचूप मागे ठेवणाऱ्या हनन्याला पेत्र सांगतो की जमीन विकण्याआधी ती तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. त्याचा अपराध पैसे ठेवून घेण्याचा नव्हता, खोटं बोलण्याचा होता. गटात हा अध्याय वाचला जात असेल तर हे वचनही वाचलं जातं का, ते विचारा.

पण हेही खरं, की शेवट आला म्हणून घरदार विकणारे ख्रिस्ती लोक पुढच्या काळात होऊन गेले. हिप्पोलितस नावाच्या शिक्षकानं तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला दानिएलाच्या पुस्तकावर भाष्य लिहिलं. त्यात अशा दोन मंडळ्यांची हकिगत आहे. तुमच्या घरासाठी ती इतकी जवळची आहे की थोडी सविस्तर सांगतो.

पहिली सीरियातली. तिथल्या मंडळीच्या पुढाऱ्यानं शास्त्राचा नीट अभ्यास न करता लोकांना पटवलं की ख्रिस्ताला भेटायला रानात जायचं. माणसं बायकामुलांसकट निघाली आणि डोंगरांत, वाटांवर भरकटत राहिली. तिथल्या सुभेदाराला वाटलं की ही लुटारूंची टोळी असावी, आणि तो त्यांना पकडून मारणारच होता. त्याची बायको विश्वासणारी होती. तिनं गळ घातली म्हणून ते वाचले.

दुसरी काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांतातली. इथला पुढारी लबाड नव्हता. हिप्पोलितस त्याला देवभीरू आणि नम्र म्हणतो. पण तो शास्त्रापेक्षा स्वप्नांवर विसंबला. एक स्वप्न पडलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि त्यानं जाहीर केलं की वर्षभरात न्यायाचा दिवस येणार. एवढ्यावर थांबला नाही. म्हणाला, मी सांगतो तसं झालं नाही तर यापुढे शास्त्रावरही विश्वास ठेवू नका, ज्याला जे वाटेल ते करा. लोक रात्रंदिवस रडत प्रार्थना करू लागले. शेतं पडीक राहिली, बऱ्याच जणांनी चीजवस्तू विकली. वर्ष संपलं. काही झालं नाही. ज्या मुलींनी लग्न न करण्याचं ठरवलं होतं त्यांनी लग्नं केली, पुरुष पुन्हा शेतावर गेले, आणि ज्यांनी सगळं विकलं होतं ते पुढे भीक मागताना दिसले.

त्या पुढाऱ्याचं शेवटचं वाक्य मिस्टरांना जरूर वाचून दाखवा. आपल्या हिशेबाला त्यानं शास्त्राच्या बरोबरीला बसवलं, आणि हिशेब चुकल्यावर लोकांच्या मनातून शास्त्रच उतरायची वेळ आणली. पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो. तारीख हुकल्यावर माणूस प्रार्थनेलाच उभा राहीनासा होतो, ते नुकसान कसं भरून काढणार? मला मिस्टरांच्या बाबतीत एफडीहून याची जास्त काळजी वाटते.

पौल चुकला का, या प्रश्नाची भीती बाळगू नका. असा प्रश्न पडणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. खरं ते सांगायचं तर पहिल्या पिढीला प्रभू लवकर येईल असं वाटत होतं. पौल त्याच चौथ्या अध्यायात ‘आपण जे जिवंत उरू’ असं लिहितो, म्हणजे तोही स्वतःला त्यात धरतो. हे झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. पण दोन पानांनी पुढे, पाचव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात तोच म्हणतो की आपण जागे असू किंवा झोपी गेलेले असू, त्याच्याबरोबरच जगू. दोन्ही शक्यता त्यानं मोकळ्या ठेवल्या. काळ आणि वेळ यांविषयी तुम्हाला लिहायची गरज नाही, प्रभूचा दिवस रात्री चोर येतो तसा येईल, असंही तिथेच आहे. पुढे फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहिताना तो आपल्याच मरणाबद्दल बोलतो आणि निघून जाऊन ख्रिस्ताजवळ असणं फार चांगलं म्हणतो. त्यानं आशा धरली, तारीख कधी दिली नाही. खुद्द प्रभूनं त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी पित्याशिवाय कोणाला, पुत्रालाही ठाऊक नाही असं म्हटलेलं मार्कानं लिहून ठेवलं आहे. त्यामुळे येणं झालं नाही म्हणून पौल खोटा ठरत नाही, असं मी मानतो.

गैरसमज तर शिष्यांच्या काळातच पसरत होते, आणि ते शास्त्रानंच खोडून काढले आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवट बघा. प्रभू पेत्राला एका शिष्याविषयी म्हणाला की मी येईपर्यंत तो राहावा अशी माझी इच्छा असली तर तुला काय? त्यावरून बंधुवर्गात बोलवा उठली की तो शिष्य मरणारच नाही. शुभवर्तमानकार तिथेच थांबून सांगतो की येशू असं म्हणालाच नव्हता, आणि त्याचे मूळ शब्द पुन्हा लिहितो. बोलवा पसरवणारे बाहेरचे कोणी नव्हते, बंधूच होते. त्यांना दोष न देता नेमकं काय म्हटलं होतं तेवढं त्यानं समोर ठेवलं.

थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात तर तुमच्या मिस्टरांच्या मोबाइलवरच्या संदेशांना थेट उत्तर आहे. मंडळीत कोणीतरी प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच आहे असं पसरवलं होतं. कोणी आत्म्यानं सांगितलं म्हणून, कोणी वचन म्हणून, आणि जणू आमच्याकडूनच आलं आहे असं पत्र दाखवलं तरी लगेच दचकू नका, घाबरू नका, असं दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला लिहिलं आहे. म्हणजे प्रेषिताच्या नावानं भलतंच पत्र फिरण्याची धास्ती तेव्हाही होती. म्हणून शेवटी ‘हे मी माझ्या हातानं लिहिलं आहे, ही माझी खूण’ अशी ओळ आहे. हे पत्र पौलानं स्वतः लिहिलं की त्याच्या कोणी सहकाऱ्यानं नंतर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण मंडळीनं ते जपलं आणि मानलं, आपल्याला तेवढं पुरे. एखादा संदेश पुढे पाठवताना तो कोणी दिला, कधी दिला, कशाच्या आधारे दिला, हे मिस्टर विचारतात का? भांडणाच्या सुरात नको, साधेपणानं विचारून बघा.

त्याच अध्यायात प्रभूच्या दिवसाआधी प्रकट होईल असं सांगितलेल्या अधर्माच्या पुरुषावरून गटात खूप हिशेब चालत असतील. कोणाचं नाव, कोणता देश, कोणता आकडा. त्याला आज अडवून धरणारं जे काही आहे ते नेमकं काय, यावर पहिल्या शतकांतल्या मोठ्या शिक्षकांचंही एकमत नव्हतं. तर्तुलियनला ते रोमन साम्राज्य वाटलं. ऑगस्टीननं या वचनाचा अर्थ आपल्याला कळत नाही असं सरळ लिहून टाकलं. ऑगस्टीनला जे कळलं नाही ते गटातल्या बंधूंना व्हिडिओ बघून कळलं असेल, असं मला वाटत नाही.

राजीनाम्याबद्दल. पौल थेस्सलनीकेत रात्रंदिवस हातानं काम करत होता, कोणावर भार पडू नये म्हणून. येणाऱ्या प्रभूची शिकवण देणारा माणूस दिवसा घाम गाळत होता. पहिल्याच पत्रात तो मंडळीला शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, हातांनी काम करा असं सांगतो. दुसऱ्या पत्रात काम न करता दुसऱ्यांच्या भानगडीत फिरणाऱ्यांना तंबी आहे. ते लोक प्रभू येणार म्हणूनच काम सोडून बसले होते, असं पुष्कळ जण मानतात. पत्रात तसं थेट म्हटलेलं नाही, म्हणून मीही तसं ठामपणे सांगणार नाही. पण प्रभूची वाट बघायची म्हणून काम सोडा, असं या दोन्ही पत्रांत शोधूनही सापडत नाही.

एक मात्र सांभाळा. ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये, हे वचन मिस्टरांच्या तोंडावर फेकू नका. ते काम टाळणाऱ्यांसाठी आहे. तुमचे मिस्टर आयुष्यभर राबलेले आहेत आणि सध्या दुःखात आहेत. त्या वचनाच्या थोडं पुढे, पंधराव्या वचनात लिहिलं आहे की अशा माणसाला शत्रू समजू नका, भाऊ म्हणून समज द्या. तुम्हाला लागेल ते वचन हे आहे.

कसं बोलावं याचा एक जुना दाखला मला फार आवडतो. तिसऱ्या शतकात मिसर देशातल्या आर्सिनोए भागात गावोगावच्या मंडळ्यांत पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्यावरून फूट पडली होती. नेपोस नावाच्या दिवंगत बिशपांचं पुस्तक लोक अगदी शास्त्रासारखं धरून बसले होते. अलेक्झांड्रियाचे बिशप दियोनिसियस यांना ती शिकवण पटत नव्हती. त्यांनी लांबून फतवा काढला नाही. ते स्वतः तिथे गेले, गावांतले वडील आणि शिक्षक बोलावले, वाटेल त्यांना ऐकायला बसू दिलं, आणि ते पुस्तक मध्ये ठेवून तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत चर्चा केली. याविषयी लिहितानाही त्यांनी नेपोसचा विश्वास, त्याची मेहनत, बंधुवर्गाला आवडणारी त्याची स्तोत्रं यांची मनापासून स्तुती केली, आणि मगच पुस्तकातलं काय पटत नाही ते सांगितलं. चर्चेत एखादा मुद्दा समोरच्याचा बरोबर निघाला तर तो मान्य करायला कोणी लाजलं नाही. शेवटी त्या शिकवणीचा पुढारी कोराकियोन यानं सगळ्यांसमोर सांगितलं की मला पटलं, यापुढे मी हे शिकवणार नाही. हे सगळं दियोनिसियस यांनी स्वतः लिहिलं, आणि युसेबियस या जुन्या इतिहासकारानं लिहिलेल्या मंडळीच्या इतिहासात ते उतरून आलं आहे.

तुमच्या पाळकसाहेबांना ही हकिगत सांगा आणि घरी येऊन बसण्याची विनंती करा. प्रार्थना करा असं सांगून त्यांचं काम संपत नाही. मिस्टरांना गटातले एखाद-दोन बंधू बोलवायचे असतील तर बोलवू द्या, चहा ठेवा, आणि समोर फक्त पवित्र शास्त्र असू द्या. मोबाइल नको. मिस्टरांची तळमळ खरी आहे, प्रभूची वाट बघणं चूक नाही, हे तुम्ही आधी म्हणा, कारण ते खरंच आहे.

व्यवहाराचं उद्याच करा. बँकेत जाऊन विचारा की ही एफडी मुदतीआधी मोडायला दोघांच्या सह्या लागतात का, आणि लागत नसतील तर तशी सूचना लेखी देता येते का. तुमची सही अजिबात देऊ नका. मिस्टरांना हे लपवून करू नका, सांगून करा: हे पैसे आपण मुलीला शब्द देऊन ठेवले आहेत, तिच्याशी बोलल्याशिवाय मी सही करणार नाही. राजीनाम्याऐवजी थोडे दिवस रजा घ्या असं सुचवा, बिनपगारी मिळाली तरी चालेल. राजीनामा एकदा मंजूर झाला की तो मागे घेणं फार अवघड होतं. रजेच्या दिवसांत त्यांना आईच्या कबरीवर जायचं असेल, गावाकडच्या नातेवाइकांना भेटायचं असेल तर तुम्हीही बरोबर जा.

गटाला द्यायचंच असेल तर त्यांनी आपल्या पगारातून द्यावं, आणि पैसा कशावर खर्च होतो ते विचारून द्यावं. येरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवताना पौलानंही ती एकट्यानं नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. हिशेब मागितल्यावर बंधू रागावले, तर ते मिस्टरांच्या डोळ्यांसमोरच घडू द्या.

पहिल्या बैठकीत ते उठून जातील कदाचित. जाऊ द्या, दुसऱ्यांदा बसा. आणि मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची तारीख काय आहे ते बघून अर्ज भरायला घ्या. वडिलांसमोरच बसून भरा, आणि पालकांच्या सहीची जागा त्यांच्यासाठी रिकामी ठेवा.